सोळा तासांची वाट

१

महादेवप्पा शेटकारांच्या डाव्या तळहातावरचं लिंग नाहीसं झालं, तेव्हा घरात रडायला जमलेली निम्मी माणसं पेंगत होती. त्यांना तरी काय बोल लावायचा? एप्रिलचं ऊन, उदगीरला पंधरवड्यानं येणारं नळाचं पाणी, आणि वर सलग जागरण. मलय्या स्वामींनी महादेवप्पांना शेवटचं स्नान घातलं, कपाळाला भस्म लावलं, मांडी घालून भिंतीशी टेकवून बसवलं. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढून तळहातावर ठेवली आणि अंगणात देह बसवून न्यायचं बांबूचं विमान बांधून झालं का ते बघायला गेले. परत येऊन बघतात तर तळहात मोकळा!

लिंगायत माणूस आयुष्यभर ते लिंग गळ्यात बाळगतो आणि शेवटी ते तळहातावर घेऊनच मातीत बसतो. ते नसेल तर समाधी कशी द्यायची? घरात एकच कालवा उठला. महादेवप्पांचे धाकटे भाऊ चन्नबसप्पा सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "दारं लावा! एक माणूस भायेर जाऊ देऊ नका!" त्यांचा मुलगा सिद्धलिंग यानं मात्र बापाला न विचारता पोलिसांना फोन लावला, आणि त्याबद्दल चारचौघांत बोलणीही खाल्ली.

फौजदार पंचशीला सोनकांबळे त्या वेळी पाण्याच्या टाकीवर पहाऱ्याला होती. त्या उन्हाळ्यात पोलिसांना चोरांपेक्षा घागरीच जास्त सांभाळाव्या लागत होत्या. झोप अशी तिला आठवडाभर मिळालेली नव्हती, त्यामुळे रस्ता, घरं, झाडं सगळंच तिला थोडं हलताना दिसत होतं. शेटकारांच्या गल्लीत शिरताना तिनं वर पाहिलं. ढगाचा ठिपका नाही, फक्त एका विमानाची पांढरी रेघ लातूरच्या बाजूनं बिदरकडे ओढत चाललेली.

ती मूळची मुदखेडची, रेल्वेच्या गावची. लहानपणी तिला वाटायचं, आगगाडीतली माणसं कुठंतरी उतरतात. विमानातली मात्र कधी उतरतच नाहीत, ती वरच निजतात आणि वरच म्हातारी होतात. रेघ पुसट होईपर्यंत ती वर बघत उभी राहिली, आणि मग स्वतःलाच म्हणाली, बाई गं, चोरी झालीय, आत चल.

२

आत गेल्यावर पहिल्यांदा तिला ऐकू आला तो थेंबांचा आवाज. सकाळपर्यंत महादेवप्पांना बर्फाच्या लाद्यांत ठेवलेलं होतं. उदगीरचा बर्फाचा कारखाना पाण्याअभावी बंद, म्हणून बर्फ बिदरहून आला होता. उरलेल्या लाद्या कोपऱ्यात गळत होत्या आणि खाली घमेलं ठेवलेलं होतं. घमेलं भरलं की कुणीतरी ते उचलून अंगणातल्या बेलाच्या बुडाशी ओतत होतं. गल्लीतली सगळी झाडं वाळली होती. हा बेल तेवढा जीव धरून होता, आणि त्याच्यावरही मोजकीच पानं राहिली होती.

महादेवप्पा शांत बसले होते, पावलं उघडी. टाचांना शेतातल्या भेगांसारख्या भेगा. उदगीर जिल्हा होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा पण त्यांनी तरुणपणीच केला होता. "कलेक्टरला भेटायचं तर लातूर, कोर्टाचं काम तर लातूर. गरिबाला एवढं लांब परवडतंय का?" हे त्यांचं एकच भाषण सगळ्या तालुक्याला पाठ होतं. जिल्हा झाला नाही, चप्पलही आली नाही. पासष्ट किलोमीटरांसाठी जन्मभर भांडलेल्या ह्या माणसाची एकुलती एक लेक मात्र पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला नांदत होती.

"गौरा येईस्तवर थांबा म्हन्ले मी," शांतम्मा म्हणाल्या. महादेवप्पांच्या पत्नी. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "तिला निस्तं तोंड बघू द्या अप्पाचं. एवढंच मागून राहिले, बाई. लिंग कुनी नेलं, मला ठावं न्हाई. पर खोटं कामून बोलू? गेलं तवा मला बरं वाटलं."

पंचशीलानं त्यांचा हात धरला. संशयित म्हणून धरला असं म्हणता येणार नाही. शांतम्मांनी तिला पितळी पेल्यातून पाणी दिलं, आणि दारात उभ्या असलेल्या चन्नबसप्पांनी तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघून मान फिरवली.

मान फिरवायला कारण होतं. गौरानं देगलूरच्या एका बौद्ध डॉक्टरशी लग्न केलं होतं. बाप महिनाभर रुसला आणि मग फोनवर हसू-बोलू लागला. काका मात्र मठात गेले आणि सगळ्या समाजापुढे स्वतःचं लिंग हातात घेऊन बोलले, की त्या पोरीचं नाव जिभेवर येणार नाही, तिच्याशी बोलणार नाही आणि तिच्यासाठी कुणाजवळ शब्दही टाकणार नाही. अख्ख्या उदगीरला हे माहीत होतं.

३

"सोळा तास, मॅडम," सिद्धलिंग मोबाईल पुढे करत म्हणाला. "हे बघा. शिकागो ते हैदराबाद. तेरा हजार दोनशे किलोमीटर, विमानाला सोळा तास. मोठे अप्पा परवा रातच्याला गेले. काल सकाळी तिचा मेसेज आला, विमानात बसले म्हनून. सोळा तास धरा, वर हैदराबादहून गाडीचे पाच. म्हंजे आज दिस उगवायला ती दारात पायजे होती. आता बारा वाजून राहिले. फोन बंद. येनार असती तर कळवलं नसतं का?"

"मध्ये कुठं थांबतं का विमान?"

"तसलं काय दाखवत न्हाई. ही बघा ना, सरळ रेघ हाय."

खरंच नकाशावर एक सुबक वाकडी रेघ होती. एका टोकाला एक ठिपका, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मध्ये निळं पाणी. सिद्धलिंगनं काल ही रेघ साऱ्या घराला दाखवली होती. त्या रेघेवर विश्वास ठेवून सगळे रात्रभर थांबले, पहाटे दाराकडे डोळे लावून बसले, आणि उजाडून ऊन अंगणात आलं तसा त्यांचा धीर सुटला. मोबाईलनं सांगितलेली वेळ टळली, म्हणजे पोरगी निघालीच नसणार, असं ठरून गेलं. पंचशीला आजवर विमानात बसलेली नव्हती. तिलाही ते पटलं.

"तुमच्या वडलांनी काय म्हटलं?"

"ते तर कालच माती द्या म्हनत होते. आज पहाटंपासून तर लईच तापलेत." तो कुजबुजला, "अप्पांनीच धाडलं म्हनून जीप घेऊन आमचा नरसिंग ड्रायव्हर भल्या पहाटं बिदरला बर्फ आनायला गेलाय, त्याचाबी पत्ता न्हाई. तेच्यावरनं मी बोललो तर अंगावर आले माझ्या."

मलय्या स्वामी ओसरीवर डोकं धरून बसले होते. लिंग त्यांच्याच हातून ठेवलं गेलेलं, म्हणून पहिलं बोट त्यांच्याकडेच गेलं होतं आणि ते त्यांना फार लागलं होतं.

"फौजदारबाई, मी काय चांदीला भुललो? आमच्यात सुतक नसतं. घरात मरण असलं तरी लिंगाची पूजा चुकत नाही. महादेवप्पांनी एक दिवस चुकवली नाही हो! आजच पहिल्यांदा त्यांचं लिंग बेलाच्या पानावाचून कुठंतरी पडलंय." त्यांचे डोळे भरून आले. मग स्वतःच दचकून म्हणाले, "पडलंय असं म्हणू नये. लिंग भुईला टेकवत नाहीत. कंबरेच्या खालीसुद्धा नेत नाहीत. आमच्यातला चोर झाला तरी त्याचा हात धजायचा नाही."

"नाहीच सापडलं तर?"

"लातूरच्या मठातून दुसरं लिंग मागवलंय. माणूस निघालाय मोटरसायकलवर. ते आलं की लगेच समाधी. दिवस मावळायच्या आत व्हायलाच पाहिजे. ह्या उन्हात देह ठेवता येत नाही."

४

उरले चन्नबसप्पा. माणूस उंच, आवाज बाजारातल्या लिलावाचा. घराला लागूनच त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. पंचशीलानं काही विचारायच्या आत त्यांनीच तोंड सोडलं.

"काय विचारता? शोधा की! डबे उघडा, गाद्या उसवा! माज्या भावाला उन्हात बसवून ठिवलंय हितं. आन् कुनासाठी? ती कशाला येती आता? बसली आसंल तिकडं दुबईत काचंची दुकानं बघत. हिकडं मानूस वितळून राहिला!"

बोलताना त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या गुंड्यांवर होता. वरपासून खालपर्यंत सगळ्या गुंड्या लावलेल्या, गळ्याचीसुद्धा. ह्या उकाड्यात बाकीचे पुरुष बंडीवर बसले होते.

मग शोधाशोध झाली. ज्वारीचे डबे, गाद्या, माळा, चूल, कोरडा हौद. त्या हौदात पंचशीला स्वतः उतरली आणि तिथल्या सावलीत क्षणभर भिंतीला टेकली, तसा तिचा डोळा लागला.

स्वप्नात ती एका मोठ्या काचेच्या घरात होती. बाहेर वाळू, आत गारवा. एक बाई पायातल्या चपला काढून हातात धरून बाकावर बसलेली. कुणीतरी सारखं सांगत होतं, अजून वेळ आहे, अजून वेळ आहे. पंचशीलानं तिला विचारलं, तू कुठं अडकलीस गं? ती म्हणाली, रेघेच्या मधोमध.

पंचशीला दचकून जागी झाली. हौदाच्या तोंडातून तेवढंच चौकोनी आभाळ दिसत होतं. काचेचं घर आपल्या डोक्यात आलं कुठून? आणि मग तिला आठवलं. दुबई! सिद्धलिंगच्या मोबाईलवर तर मध्ये काहीच नव्हतं. साऱ्या घरात त्या गावाचं नाव एकाच माणसानं घेतलं होतं.

५

वर येऊन ती सरळ देवघरात गेली. चार माणसांनी सकाळपासून आपापली पूजा उरकली होती. चौघांची ताटं तिथंच होती. शांतम्मांच्या ताटात बेलाचं एक पान. सिद्धलिंगच्या ताटात एक, वाकडंतिकडं. स्वामींच्या ताटात एक. चौथ्या ताटात दोन पानं होती, शेजारी शेजारी, दोन्हींवर अजून पाणी.

"हे ताट कुणाचं?"

"भावजींचं," शांतम्मा म्हणाल्या. "आज त्यांनी उशिरा पूजा केली. हा गोंधळ झाल्यावर."

पंचशीला दुकानात गेली. शटर अर्धं ओढलेलं होतं. आत मिरच्यांचा आणि गोणपाटाचा वास. गल्ल्याशेजारी जुना लाल टेलिफोन होता, त्याच्यावर धुळीचा थर. रिसीव्हरवर मात्र धूळ नव्हती. तिथं ताजी बोटं उमटली होती.

चन्नबसप्पा पोत्यावर बसले होते. तिला बघून उठले नाहीत.

"अण्णा," ती समोरच्या पोत्यावर बसत म्हणाली, "मी सांगते, तुम्ही ऐका. चुकलं तर थांबवा. कालपासून माती द्या म्हणून ओरडणारा माणूस आज पहाटे जीप पाठवून आणखी बर्फ कशाला मागवील? दुपारी समाधी द्यायची तर बर्फ कुणाला पाहिजे?"

चन्नबसप्पा पोत्याची सुतळी उसवत राहिले.

"नरसिंग बिदरपर्यंत गेला असता तर केव्हाच परत आला असता. तो पुढं गेलाय, हैदराबादला, विमानतळावर. कारण पहाटे हा फोन वाजला. तिचा मोबाईल बंद पडला असणार. परक्या माणसाच्या फोनवरून करायचा तर पाठ असलेला नंबरच लागतो, आणि आपण लहानपणी पाठ केलेले नंबरच आपल्याला आठवतात. तिनं सांगितलं, दुबईत पुढचं विमान चुकलं, सकाळच्या विमानानं येते. सोळा तास ही नुसती उडायची वेळ, अण्णा. मधलं थांबणं त्या रेघेत धरलेलंच नाही. घरात हे फक्त तुम्हाला माहीत होतं, म्हणून दुबईचं नाव तुमच्या तोंडून निसटलं."

चन्नबसप्पांचा हात गुंड्यांवर घट्ट झाला.

"लिंग डब्यात सापडणार नव्हतंच. तुमचा हात ते कुठं खाली ठेवायला धजणार नाही. आणि ते पूजेवाचून ठेवायलाही धजला नाही. तुमच्या ताटात बेलाची दोन पानं आहेत. भावाच्या लिंगाचं एक."

बाहेर कुणाचं तरी घमेलं बेलाखाली रिकामं झालं.

"म्या बोललो न्हाई तिच्याशी," चन्नबसप्पा अखेर म्हणाले. आवाज एवढा खाली आला होता, की तो त्यांचाच आहे का अशी शंका यावी. "फोन उचलला. चिक्कप्पा, चिक्कप्पा, म्हनली. आमच्याकडं काकाला तसंच म्हनतात. म्या निस्ता खाकरलो. तेवढ्यावर वळखलं तिनं. म्हनली, अप्पाला थांबवा. रडत होती, बाई. अन् फोन कट झाला."

"मग घरात येऊन सांगायचं होतं!"

"कसं सांगू? लिंग हातात घिऊन बोललेला मानूस मी. थांबा म्हनलो तर तिच्यासाठी शब्द टाकल्यावानी झालं. सगळा समाज आलाय. फिरवलेलं तोंड सरळ कसं करू?" त्यांनी डोळे पुसले. "दादाच्या हातावरनं घेतलं आन् गळ्यात घातलं. दोन लिंगं जड लागून राहिलीत, बाई. लई जड."

पंचशीलाला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. जातीपायी ह्या माणसानं पोर तोडली आणि आता तिच्यासाठी देवाची चोरी केली! ती काही बोलणार, तोच गल्लीत मोटरसायकल वाजली. लातूरहून दुसरं लिंग आलं होतं.

६

स्वामी उठले. बायकांचा हंबरडा सुरू झाला. चार जणांनी विमानाचे बांबू धरले. शांतम्मा पतीच्या उघड्या पावलांना मिठी मारून बसल्या, त्या काही केल्या हात सोडीनात. चन्नबसप्पा दारात खांबासारखे उभे, ओठ मिटलेले. पंचशीला त्यांच्याकडे बघत होती. बोला अण्णा, एक शब्द बोला! पण तो शब्द आला नाही.

मग तीच पुढे झाली. "थांबा. कुणी काही हलवायचं नाही. पंचनामा झालेला नाही."

"अहो, आता कसला पंचनामा?" सिद्धलिंग म्हणाला. "दुसरं लिंग आलंय की!"

"तक्रार तुम्हीच दिली. चोरी ह्या जागेवरून झाली. जागा मोजल्याशिवाय इथली काडीसुद्धा उचलता येणार नाही. टेप आणा."

असा पंचनामा उदगीरात पूर्वी कुणी बघितला नसेल. तिनं भिंत मोजली, उंबरा मोजला, खिडकीचे गज मोजले आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा मोजली. बर्फाच्या लादीचं वर्णन केलं, तोवर ती वितळली, म्हणून ते खोडून नवं केलं. लोक चिडले, मग थकले, मग जिथं सावली मिळाली तिथं पेंगायला लागले. उन्हं भिंतीवर चढत गेली. नोकरीत आपण पहिल्यांदाच खोटं वागतोय हे तिला कळत होतं, आणि हात मात्र सावकाश, नीट अक्षरात लिहीत होता.

स्वामी एकदा जवळ आले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग चन्नबसप्पांच्या गुंड्यांकडे, मग पश्चिमेकडे.

"सूर्य आहे अजून," ते म्हणाले आणि जाऊन बसले.

बिदरच्या रस्त्याकडून हॉर्न आला तेव्हा अंगणात पिवळं ऊन होतं. नरसिंगनं जीप थेट दाराशी लावली. मागून बर्फाचं पाणी गळत होतं आणि पुढून गौरा उतरली, चुरगळलेल्या कपड्यांत. उंबऱ्यापाशी तिनं बूट काढले आणि अनवाणी पळत आत गेली. अप्पाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ती किती वेळ रडली ते कुणी मोजलं नाही. शांतम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग तिनं मान वर केली. डोळे शोधत शोधत दारातल्या माणसावर थांबले.

"चिक्कप्पा, तुमी काय बोलला न्हाईत. पर खाकरलात, तवा मला धीर आला. म्हनलं, आता अप्पाला कुनी नेत न्हाई."

सगळ्या माना वळल्या. सिद्धलिंगचा मोबाईल हातातच राहिला. चन्नबसप्पांनी गळ्याची गुंडी काढली, मग दुसरी, मग तिसरी. छातीवर दोन डब्या होत्या. भावाची डबी त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरून काढली आणि कपाळाला लावली.

"गौरा," ते म्हणाले.

अंगणात कुणी हललं नाही. मठात ज्यांनी शपथ ऐकली होती तेही होते तिथं.

"हे घे, गौरा. तुझ्या अप्पाच्या हातावर तूच ठेव."

"अप्पा, शपथ..." सिद्धलिंग पुटपुटला.

"मोडली. स्वामी, काय दंड तो मागनं सांगा. भरतो." बाजारातला आवाज चिरकला होता. त्यांनी माठावरचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि वळून घरभर ओरडले, "बघत काय उभे ऱ्हायले? सरका! आदी पोरीला पानी पिऊ द्या. लई लांबून आली ती."

गौरा पाणी पिऊ लागली. त्यांनी दुसरा पेला भरला, नावाच्या पट्टीकडे न बघता पंचशीलापुढे धरला आणि ती पिऊन होईपर्यंत तिथंच उभे राहिले.